शिष्यवृत्ती दिल्लीची, खोली मात्र आपली

पुण्यात, मुंबईत, नागपुरात किंवा छत्रपती संभाजीनगरात ज्यांचा एखादा फ्लॅट रिकामा पडून आहे, ज्यांच्या बंगल्यातल्या मागच्या दोन खोल्या मुलं परदेशी गेल्यापासून बंद आहेत, किंवा जे सोसायटीच्या कमिटीवर बसून कुणाला जागा द्यायची आणि कुणाला नाही यावर मत देतात, त्यांच्याशी थोडं सरळ बोलायचं आहे. विषय परदेशी विद्यार्थ्यांचा आहे. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांचा नव्हे, तिकडून आपल्याकडे येणाऱ्यांचा.

दर पावसाळ्यात ही मुलं येतात. टांझानिया, सुदान, येमेन, अफगाणिस्तान, बांगलादेश, मॉरिशस, नेपाळ, भूतान. त्यांना इथे आणायचा खटाटोप आपलं सरकार फार जुन्या काळापासून करत आलं आहे. मौलाना आझाद शिक्षणमंत्री असताना १९५० साली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, स्थापन झाली. आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी पिढ्या तिच्या शिष्यवृत्तीवर आपल्या विद्यापीठांतून शिकून गेल्या. २०१८ साली केंद्राने ‘स्टडी इन इंडिया’ ही योजना काढली. एक पोर्टल, निवडक विद्यापीठं, फीमध्ये सवलत आणि परदेशात जाहिरात, असं तिचं स्वरूप. काही वर्षांत परदेशी विद्यार्थ्यांची संख्या दोन लाखांपर्यंत न्यायची, असं तेव्हा बोललं गेलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात असं लिहिलं आहे की, जिथे परदेशी मुलं शिकतात त्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कचेरी हवी. पुढे २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्यासाठी मंजूर जागांच्या वर आणखी २५ टक्के जागा भरायची मुभा दिली.

या शेवटच्या गोष्टीकडे जरा नीट बघा, कारण चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘आपल्याच पोरांना ॲडमिशन मिळत नाही आणि हे बाहेरचे जागा अडवतात.’ या जागा वरच्या आहेत. तुमच्या पुतण्याची जागा कुणी मॉरिशसच्या मुलाला दिलेली नाही. उलट तो मुलगा स्वतःच्या खर्चाने आलेला असेल तर बहुतेक ठिकाणी इथल्या मुलापेक्षा जास्त फी भरतो.

तर सरकारने एवढं केलं. आकडे काय सांगतात? केंद्राच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०१७-१८ या वर्षी भारतात ४६,१४४ परदेशी विद्यार्थी होते. २०१९-२० मध्ये ४९,३४८ झाले आणि २०२१-२२ मध्ये परत ४६,८७८ वर आले. मध्ये करोना येऊन गेला हे मान्य, पण साथ यायच्या आधीही काटा फारसा हलला नव्हता. त्याच सुमारास आपली मुलं बाहेर किती गेली? परराष्ट्र खात्याच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये तेरा लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशात होते. येणारे पन्नास हजारांच्या आत आणि जाणारे तेरा लाखांवर.

परदेशी मुलं न येण्याची कारणं बरीच आहेत. पदव्यांची मान्यता, शिकवण्याचा दर्जा, शिकून झाल्यावर नोकरी. त्यावर तुमच्या-माझ्याजवळ इलाज नाही, ते कुलगुरू आणि मंत्री यांनी बघायचं. पण एक कारण असं आहे की त्याची किल्ली आपल्या खिशात आहे. अक्षरशः किल्ली. आलेल्या मुलाला राहायला खोली मिळत नाही.

वसतिगृहं आहेत, पण थोडी. त्यातही पहिल्या वर्षापुरती जागा आणि पुढे ‘तुमचं तुम्ही बघा’ हा प्रकार बऱ्याच ठिकाणी आहे. मग मुलगा एजंटाकडे जातो. एजंट फोनवर मालकाला सांगतो, मुलगा बाहेरचा आहे. पलीकडून विचारलं जातं, बाहेरचा म्हणजे कुठला? विदर्भातला असेल तर चालेल, केरळातला असेल तर बघू. ‘आफ्रिकेचा’ म्हटलं की फोन संपतो. येमेनचा किंवा अफगाणिस्तानचा म्हटलं तरी तेच, फक्त कारण बदलतं. पुणेरी पाट्यांचं आपण कौतुक करतो. पण ‘फक्त फॅमिलीसाठी’, ‘बॅचलर नको’, ‘नॉनव्हेज चालणार नाही’ या पाट्यांच्या खाली एक न लिहिलेली पाटीही असते. ती या मुलांना पहिल्या आठवड्यातच वाचता येते.

आता खोली नसली की काय काय अडतं, ते बघा. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. नोंदीसाठी राहण्याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे भाडेकरार. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं कायद्याने सक्तीचं आहे आणि हल्ली तो घरबसल्या ऑनलाइन होतो, पण त्याला आधार लागतं. परदेशी माणसाला आधार काढायचं तर आधी भारतात १८२ दिवस राहिलेलं असावं लागतं. म्हणजे ऑनलाइनचा रस्ता त्याला पहिले सहा महिने बंद. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मालकाने स्वतः सोबत जायला हवं, आणि मालक म्हणतो, कोण जाणार एवढं!

बँकेचंही तसंच. परदेशी विद्यार्थ्याला पासपोर्ट आणि कॉलेजचं पत्र दाखवून खातं उघडता येतं, रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी आहे. पण इथल्या पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत द्यायचा, आणि तोवर बाहेरून येणाऱ्या रकमेवर १,००० डॉलरची आणि महिन्याला काढायच्या पैशावर ५०,००० रुपयांची मर्यादा. पत्ता नाही म्हणून नोंदणी नाही, पत्ता नाही म्हणून खातं अर्धवट, खातं अर्धवट म्हणून शिष्यवृत्ती जमा व्हायला उशीर, आणि पैसे नाहीत म्हणून डिपॉझिट भरता येत नाही, म्हणजे खोली नाही. एकोणीस वर्षांच्या पोराने परक्या देशात, परक्या भाषेत या चक्रात फिरत राहायचं. आपलं पोर असतं तर आपण रात्री झोपलो नसतो.

‘ही मुलं पैसेवाली असतात’ हा समजही काढून टाका. आयसीसीआरच्या नियमांत पदवीच्या विद्यार्थ्याला महिना १८,००० रुपये आणि मोठ्या शहरात घरभाड्यासाठी ६,५०० रुपये धरलेले आहेत. कोथरूडला किंवा विमाननगरला साडेसहा हजारांत काय मिळतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तीन-चार जणांनी मिळून फ्लॅट घ्यायचा एवढाच मार्ग उरतो. आणि नेमकं तेव्हाच काही मालक, पासपोर्ट दिसला म्हणून, शेजारच्या फ्लॅटपेक्षा पाच-सात हजार जास्त सांगतात आणि डिपॉझिट दुप्पट मागतात. हा धंदा झाला असं कुणी म्हणेल. मी याला लूट म्हणतो. गावाकडून आलेल्या माणसाला स्टेशनवर कुणी असं फसवलं तर आपण त्या रिक्षावाल्याला शिव्या घालतो.

मालकांची भीती मात्र सगळीच खोटी नाही, म्हणून तिच्याविषयीही बोललं पाहिजे. ‘पोलिसांची भानगड नको’ हे वाक्य सगळ्यांत जास्त ऐकू येतं. प्रत्यक्षात भानगड काय आहे? परदेशी माणूस तुमच्या जागेत राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारच्या पोर्टलवर भरायची. लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात. परदेशी नागरिकांविषयीचा जुना कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला आहे, त्यातही घरमालकावर ही जबाबदारी आहेच. एकदा मालक म्हणून ऑनलाइन नोंद केली की पुढच्या वेळी पासपोर्ट आणि व्हिसाची माहिती भरायची, फोटो जोडायचा, झालं. याखेरीज कुठल्याही भाडेकरूची द्यावी लागते तशी माहिती पोलीस ठाण्याला द्यायची. भाडेकरार नोंदवायचा. पासपोर्ट, व्हिसा आणि कॉलेजचं बोनाफाइड पत्र यांच्या प्रती ठेवायच्या. मूळ पासपोर्ट मात्र ठेवून घ्यायचा नाही, तो त्याच्या सरकारचा दस्तऐवज आहे आणि तुमच्या कपाटात त्याला जागा नाही. व्हिसाची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे करार त्याच्या पुढे जाणार नाही.

खरं सांगायचं तर परदेशी विद्यार्थ्याइतका कागदोपत्री पक्का भाडेकरू दुसरा नसतो. तो कुठे शिकतो, कधी आला, कधी जाणार हे सरकारला ठाऊक असतं. कॉलेजलाही त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. आयटी कंपनीतला मुलगा नोकरी सोडून एका रात्रीत गेला तर तुम्ही त्याला कुठे शोधणार? या मुलाच्या मागे मात्र विद्यापीठ आहे, त्याचा दूतावास आहे, शिष्यवृत्तीवाला असेल तर आयसीसीआर आहे.

सोसायटीच्या कमिटीवाल्यांनाही एक गोष्ट सांगतो, थोडी कडू लागेल. सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना संस्थेला आगाऊ कळवायचं असतं, करार आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. परवानगी मागायची नसते. ना-वापर शुल्कही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतं. म्हणजे ‘आमच्या सोसायटीत परदेशी चालत नाहीत’ असा ठराव करून चेअरमनसाहेबांनी सही ठोकली तरी त्या कागदामागे बळ नसतं. गोंगाट, पार्किंग, कचरा याचे नियम सगळ्यांना सारखे लावा, मोडले तर बोला, दंड करा. नियम मोडायच्या आधीच कातडीचा रंग बघून दार बंद करणं याला नियम म्हणत नाहीत.

कातडीचं आता स्पष्टच बोलू. आपल्यात रंगाचं खूळ आहे. लग्नाच्या जाहिरातीत ते दिसतं, बाळ झाल्यावर पहिल्या दिवशी पाळण्यापाशी दिसतं, आणि बसमध्ये सुदानी मुलीच्या शेजारची सीट रिकामी राहते तिथेही दिसतं. लोक मागून हाका मारतात, न विचारता मोबाइलवर फोटो काढतात, केसांना हात लावतात. ‘ड्रग्ज’ हा शब्द तर एका झटक्यात जोडला जातो. गुन्हा करणाऱ्या परदेशी माणसाला पोलिसांनी जरूर पकडावं. पण एका माणसाच्या बातमीवरून एका खंडाच्या मुलांना घर नाकारायचं असेल, तर मग महाराष्ट्रातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांवरून आपल्या पोरांना म्युनिकमध्ये कुणी घर का द्यावं?

परदेशी मुलांशी अशा वागण्याचा परिणाम किती लांब जातो, ते आपल्याकडे दिसलेलं आहे. २०१६ च्या सुरुवातीला बंगळुरूत जमावाने टांझानियाच्या विद्यार्थिनीवर हल्ला केला. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये गाठून मारलं, आणि दिल्लीतल्या आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी एकत्र येऊन उघड निषेध केला. मार्च २०२४ मध्ये अहमदाबादला विद्यापीठाच्या वसतिगृहात नमाज पढणाऱ्या परदेशी मुलांवर जमाव चालून गेला आणि काहींना इस्पितळात न्यावं लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरच्या एका संस्थेत नेपाळी विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर आंदोलन करणाऱ्या नेपाळी मुलांना वसतिगृह सोडायला सांगितलं गेलं. काठमांडूत पंतप्रधानांना त्यावर बोलावं लागलं, दूतावासाचे अधिकारी ओडिशात पोचले. भारतात येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा वाटा नेपाळचा, चौथ्या हिश्शाहूनही जास्त. म्हणजे आपण आपल्या सगळ्यांत जवळच्या गिऱ्हाइकाला दारातून हाकललं. पोर्टलवर कितीही हसरे चेहरे लावा, ही बातमी त्या पोर्टलच्या आधी पोचते.

हेच आपल्या मुलांच्या बाबतीत मेलबर्नला झालं होतं, आठवत असेल. २००९ साली तिथे भारतीय विद्यार्थ्यांवर लागोपाठ हल्ले झाले. पोलिसांनी सुरुवातीला मुलांनाच सल्ला दिला की, गाडीत आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, लॅपटॉप आणि गाणी ऐकायची यंत्रं उघड्यावर दाखवत फिरू नका. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं लिहिली, आपण सगळे संतापलो, आणि संतापणं बरोबरच होतं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तोवर परदेशी विद्यार्थी ओढून आणण्यावर भरपूर पैसा ओतला होता. त्यानंतर भारतातून जाणारे अर्ज झपाट्याने घटले. उपपंतप्रधान आणि मग खुद्द पंतप्रधान भारतात येऊन समजूत काढून गेले. मेलबर्नमध्ये राज्य सरकारने परदेशी विद्यार्थ्यांसाठी शहराच्या मध्यवस्तीत मदत केंद्र चालवलं, तिथे घरमालकाशी किंवा नोकरीच्या ठिकाणी बुडवलेल्या पगारासाठी भांडायला फुकट कायदेशीर सल्ला मिळू लागला. सरकारची जाहिरात जे कमावते ते लोकल गाडीतला एक दांडगा घालवू शकतो, हे त्यांना पैसे मोजून शिकावं लागलं.

आपल्याला ते शिकायला मेलबर्नला जायची गरज नाही. महाराष्ट्राचा शिक्षणाचा सगळा इतिहास राहण्या-जेवणाच्या सोयीचा इतिहास आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींसाठी वसतिगृहं उभी केली, कारण नुसती शाळा उघडून खेड्यातलं पोर शिकत नाही हे त्यांना कळलं होतं. भाऊराव पाटलांनी साताऱ्याला बोर्डिंग काढलं. पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवत, माधुकरी मागत, आणि त्यांना ताटावर बसवणारी घरं होती. १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली ती याच गरजेतून, गावाकडच्या मुलांना शहरात राहायला जागा हवी म्हणून. माधुकरीत जातीपातीचे पीळ होते, सगळ्यांना सगळी दारं उघडी नव्हती, हे विसरून कौतुक करण्यात अर्थ नाही. पण शिकायला आलेल्या पोराच्या पोटाची आणि पाठ टेकण्याची काळजी गावाने करायची, ही समज इथली आहे. ती कुठून आयात करायची नाही.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही पुण्याने एकदा हे करून दाखवलं आहे. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने खोलीत पडून होता आणि त्याच्याच देशाची एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण देत होती. रेक्टरांना आधी ते नियमभंगाचं प्रकरण वाटलं. चौकशी केल्यावर कळलं की या मुलाचं इथे बघणारं दुसरं कुणी नाही. त्यातून १९७१ साली सिंबायोसिसची सुरुवात झाली, परदेशी विद्यार्थ्यांना एकत्र यायला, अडीअडचणीला जागा म्हणून. पुढे तिचं विद्यापीठ झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली सुरुवातच महत्त्वाची वाटते. तिथे कुठली सरकारी योजना नव्हती, एका माणसाने चौकशी केली होती.

आणि ही मुलं पुढे कुठे जातात याचाही थोडा विचार करा. अफगाणिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले हमीद करझाई शिमल्याला शिकले. मलावीचे राष्ट्राध्यक्ष झालेले बिंगू वा मुथारिका दिल्लीत शिकले. नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले ओलुसेगुन ओबासांजो साठच्या दशकात तरुण अधिकारी म्हणून पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी संस्थेत प्रशिक्षण घेऊन गेले. सगळेच राष्ट्राध्यक्ष होत नाहीत, हे उघड आहे. बहुतेक जण परत जाऊन शिक्षक होतात, औषधांचं दुकान काढतात, सरकारी कचेरीत लागतात. पण उद्या इचलकरंजीचा कापडवाला किंवा नाशिकचा द्राक्षवाला दार-ए-सलामला गेला तर त्याच्याशी हिंदीत चार शब्द बोलणारा तिथे कुणीतरी असतो, आणि त्या माणसाला पुण्यातली घरमालकीण कशी होती ते नीट आठवत असतं.

विद्यापीठांना मी मोकळं सोडत नाही. मुलं आणायला प्रतिनिधी परदेशात जातात, माहितीपत्रकावर गुळगुळीत कागद वापरतात, आणि आंतरराष्ट्रीय कक्ष म्हणजे काही ठिकाणी एक टेबल, एक संगणक आणि दुपारी जेवायला गेलेला एक कारकून असतो. जे महाविद्यालय परदेशी मुलाकडून जास्त फी घेतं त्याने पहिल्या वर्षाची खोली दिलीच पाहिजे. पुढच्या वर्षांसाठी परिसरातल्या खात्रीच्या घरमालकांची यादी ठेवली पाहिजे आणि दुय्यम निबंधकांकडे मुलासोबत माणूस पाठवला पाहिजे. फ्रान्समध्ये तर तरुण भाडेकरूचं भाडं थकलं तर मालकाला भरून देणारी फुकट हमी आहे, तिचा लाभ परदेशी विद्यार्थ्यालाही मिळतो. जर्मनीत विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि खानावळी चालवायला सार्वजनिक संस्थाच आहेत. आपल्याकडे निदान विद्यापीठाने डिपॉझिटची लेखी हमी घेतली तरी मालकांची निम्मी धास्ती जाईल. तुम्ही प्राध्यापक असाल, अधिसभेवर असाल, माजी विद्यार्थी म्हणून कार्यक्रमाला बोलावलं जात असेल, तर हा प्रश्न माईक हातात आल्यावर विचारा. कुलगुरूंना तो आवडणार नाही, म्हणून तर विचारायचा.

महाराष्ट्रात आता मुलांपाठोपाठ परदेशी संस्थाही येऊ पाहत आहेत. जून २०२५ मध्ये पाच परदेशी शिक्षणसंस्थांना मुंबई-नवी मुंबईत शाखा काढण्यासाठी इरादापत्रं देण्यात आली. विमानतळाजवळ शिक्षणनगरी उभी करायची म्हणतात. इमारती होतील, त्यात शंका नाही. शेजारपाजाऱ्यांच्या इमारतींत तिथे शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांना थारा मिळेल का, हे कुठल्याही इरादापत्रात लिहिलेलं नसतं.

ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनीही करण्यासारखं पुष्कळ आहे. वर्गातल्या मुलांनो, ग्रुपवर सूचना मराठीत आली तर शेजारच्या इथिओपियन मुलाला इंग्रजीत दोन ओळी लिहून द्या. त्याचं नाव अवघड वाटलं तर त्यालाच दोनदा विचारून शिका, ‘आपण तुला राजू म्हणू’ असं करू नका. मेसच्या काकूंनो, पहिला महिनाभर तिखट वेगळं द्या, त्याचं पोट सुधारेल आणि तुमचं गिऱ्हाईक टिकेल. रिक्षावाल्या दादांनो, मीटर सगळ्यांना सारखं. दिवाळीत घरी बोलावणार असाल तर जरूर बोलवा, पण फराळापेक्षा जास्त गरज असते ती त्याला ताप आल्यावर डॉक्टरकडे सोबत येणाऱ्या माणसाची. मुजुमदारांच्या गोष्टीतला मुलगा काविळीनेच पडला होता. पाणी बदललं की ही मुलं हमखास आजारी पडतात, आणि नेमकं तेव्हा त्यांना आपला विमा कसा वापरायचा, कुठल्या दवाखान्यात जायचं हे सुचत नाही.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं या क्षणी बर्लिनला, मेलबर्नला, डब्लिनला भाड्याच्या खोलीत आहेत. घरमालकाने नाव वाचूनच उत्तर दिलं नाही, असे त्यांचे फोन तुम्ही ऐकले असतील. त्यावर इथे बसून तुम्हाला काही करता आलं नाही, आणि त्याचा राग अजून गेला नसेल. तो राग इथे कामाला लावा.

प्रवेशाचे दिवस जवळ आले की जवळच्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कक्षात स्वतः जा. खोली कुठे आहे, भाडं किती, जेवणाचे नियम काय, हे कागदावर लिहून फोन नंबरासह त्यांच्याकडे द्या. भाडं शेजारच्या फ्लॅटइतकंच लिहा, डिपॉझिट दोन महिन्यांचं ठेवा. मुलगा भेटायला आला की त्याला चहा द्या, कागद बघा, त्याच्या विभागात एक फोन करा. आणि सगळं ठीक असेल तर एजंटाची वाट न बघता पहिल्या आठवड्यातच त्याच्याबरोबर निबंधक कार्यालयात जाऊन करार नोंदवून टाका. त्याचे १४ दिवस विमानातून उतरल्यापासून मोजले जात असतात.